उंदराचे हृदय आणि लांडग्याचा रोग

चामोर्शीच्या शेतकऱ्यापुढे उंदराचे कौतुक करू नये. वैनगंगेच्या काठावरचे धान पोटरीला आले की उंदीर बांधीच्या धुऱ्यात बीळ करतो, आणि मळणी झाली की शेतकऱ्याच्या आधी कोठीपर्यंत पोचतो. तरीही आज आम्ही उंदरांविषयीच लिहिणार आहोत, कारण त्यांच्या एका वाणाने हृदयविकाराच्या झटक्याविषयी वैद्यकाला जे शिकवले ते माणसांच्या निरीक्षणातून इतक्या स्वच्छपणे कळले नसते. चामोर्शीला शिक्षकांच्या एका मेळाव्यात आम्ही हा विषय काढला, तेव्हा मागच्या रांगेतून प्रश्न आला, "सर, उंदराला कशाचं टेन्शन?" सगळे हसले. प्रश्न मात्र हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता.

हृदय साऱ्या शरीराला रक्त पुरवते, पण त्याच्या स्वतःच्या स्नायूलाही रक्त लागते. ते हृद्रोहिण्यांमधून येते. मोठ्या हृद्रोहिण्या हृदयाच्या पृष्ठभागावरून जातात आणि त्यांच्या बारीक बारीक शाखा स्नायूच्या आत शिरतात. नेहमीच्या हृदयविकारात मोठ्या रोहिणीच्या आतल्या बाजूला मेदाचे थर साचतात, एखादा थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी जमते आणि पुढचा स्नायू रक्तावाचून मरतो. गडचिरोलीच्या डॉ. अभय बंग यांनी स्वतःच्या हृदयविकारावर लिहिलेले पुस्तक पुष्कळ शिक्षकांनी वाचलेले असते, त्यामुळे धूम्रपान, मेद, रक्तदाब, मनावरचा ताण ही यादी आता खेड्यातही पाठ आहे. पण मोठी रोहिणी मोकळी असूनही झटका येऊ शकतो. आपल्याकडच्या मामा तलावाचे उदाहरण घ्या. तलावाच्या तोंडाशीच पाणी अडले तर सगळ्या बांध्या एकदम कोरड्या पडतात. पण तोंड उघडे राहून बांधीबांधीकडे जाणारे छोटे पाट गाळाने भरले तरीही धान वाळतेच, फक्त इथे एक तुकडा आणि तिथे एक तुकडा असे. हृदयातही असे घडते. हा दुसरा प्रकार नीट पाहायचा तर पहिला प्रकार ज्याला होतच नाही असा प्राणी हवा. साध्या खाद्यावर वाढलेल्या उंदराच्या रोहिण्यांत मेदाचे थर साचत नाहीत. म्हणून 1981 साली काही उंदीर हृदयाचा झटका येऊन मेल्याचे प्रसिद्ध झाले, तेव्हा कारण दुसरीकडे शोधणे भागच होते.

या उंदरांची वंशावळ मागे नेत गेलो की एका शाळामास्तरीणबाईंपर्यंत पोचतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ग्रॅन्बी नावाचे गाव आहे. अ‍ॅबी लॅथ्रॉप तिथल्या. काही काळ शिकवून त्यांनी नोकरी सोडली, कोंबड्या पाळून पाहिल्या, ते जमले नाही, आणि 1900 च्या सुमारास त्यांनी शौकिनांसाठी रंगीबेरंगी उंदीर पाळायला सुरुवात केली. पिंजरे झाडायला गावातली मुले येत. पुढे शौकिनांपेक्षा प्रयोगशाळांचीच मागणी वाढली. बाईंचे वेगळेपण त्यांच्या वह्यांत होते. कोणती मादी कोणाची, कोणाला गाठ आली, कधी आली, याची त्या काटेकोर नोंद ठेवत. त्या आधारावर लिओ लोब या विकृतिशास्त्रज्ञाबरोबर उंदरांच्या कर्करोगावर त्यांचे निबंध प्रसिद्ध झाले. 1918 साली त्या वारल्या. तीन वर्षांनी क्लॅरेन्स लिट्ल यांनी त्यांच्याकडून आलेल्या उंदरांतील 57 क्रमांकाच्या मादीपासून एक काळा वाण तयार केला. आज जगभर सर्वांत जास्त वापरला जाणारा प्रयोगशाळेतील उंदीर, सी-57-ब्लॅक, तो हाच. वर्गात विद्यार्थ्यांकडून निरीक्षणवह्या लिहून घेताना कंटाळा येतो तेव्हा लॅथ्रॉपबाईंची गोष्ट सांगायला हरकत नाही.

वाण शुद्ध करणे म्हणजे काय, हे धानाच्या मुलखात वेगळे समजवावे लागत नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी शेतातल्या निराळ्या लोंब्या ओळखल्या, त्यांचे बी वेगळे ठेवले, वर्षानुवर्षे निवडत नेले आणि 'एचएमटी' हे धान दिले. उंदरात हेच काम भावाबहिणींचा संकर करून होते. असा संकर सलग वीस पिढ्या केला की त्या वाणातील सर्व प्राणी आनुवंशिक दृष्ट्या जुळ्या भावंडांइतके सारखे होतात. मग एक आजारी पडला आणि दुसरा पडला नाही तर फरक कशामुळे पडला, हे शोधता येते. आपल्याकडे मुंबईच्या परळमधील इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये डॉ. कमल रणदिवे यांनी उंदरांच्या अशा वाणांवरच स्तनाच्या कर्करोगाचा अभ्यास उभा केला. त्या पुण्याच्या, हुजूरपागेच्या विद्यार्थिनी. 1949 साली डॉ. खानोलकरांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि 1982 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्यांच्या केंद्राच्या नावाने 'आयसीआरसी' हा उंदरांचा वाणही ओळखला जातो. पाठ्यपुस्तकात त्यांना अजून पुरेशी जागा मिळालेली नाही, असे आमचे मत आहे.

आता न्यूझीलंडकडे वळू. तिथल्या ड्युनेडिन शहरात मारियान बील्शॉव्स्की कर्करोगाच्या संशोधनासाठी उंदीर वाढवत होत्या. मूळचे उंदीर 1930 साली लंडनहून आलेले होते. 1948 पासून रंगावरून निवड करून त्यांनी वाण वेगळे काढले. त्यांतला काळा तो 'एनझेडबी'. 1959 मध्ये असे लक्षात आले की या काळ्या उंदरांना रक्तक्षय होतो आणि तो कुपोषणाने वा जंतूंनी होत नाही. उंदराचे स्वतःचेच प्रतिपिंड त्याच्या तांबड्या पेशी फोडत होते. घरच्या राखणदारानेच घर फोडावे, असा प्रकार. 1963 साली हेल्यर आणि हाउई यांनी या काळ्या उंदराचा 'एनझेडडब्ल्यू' या पांढऱ्या वाणाशी संकर केला. संकरित पिल्ले मूत्रपिंडाच्या विकाराने मेली, आणि त्यांच्या रक्ताची परीक्षा माणसातील ल्यूपस रोगाप्रमाणे आली.

ल्यूपस म्हणजे लॅटिन भाषेत लांडगा. चेहऱ्यावर पडणारे व्रण पाहून जुन्या युरोपीय वैद्यांनी हे नाव दिले. हा रोग त्वचेपुरता नसून सर्व शरीराचा असू शकतो, हे व्हिएन्नाच्या कापोसी यांनी 1872 साली मांडले. यात रोगप्रतिकारक यंत्रणा शरीराच्याच घटकांविरुद्ध, अगदी पेशीकेंद्रातील डीएनएविरुद्धसुद्धा, प्रतिपिंड तयार करते. प्रतिपिंड आणि त्यांचे लक्ष्य यांची जोडी रक्तातून वाहत राहते आणि मूत्रपिंडाच्या चाळणीत किंवा रोहिणीच्या भिंतीत गाळासारखी बसते. सांधे सुजतात, ताप येतो, तोंडात फोड येतात, उन्हात गाल लाल होतात, केस गळतात, लघवीतून प्रथिने जातात. दहा रोग्यांपैकी साधारण नऊ स्त्रिया असतात आणि त्यांतल्या बऱ्याचशा पंधरा ते पंचेचाळीस या वयातल्या. न्यूझीलंडच्या संकरित उंदरांतही माद्या आधी मरत होत्या. हे सारे जुळले, म्हणून तो वाण ल्यूपसच्या अभ्यासाचा मुख्य आधार झाला.

मग एक उलटा उंदीर आला. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला बार हार्बर येथे लिट्ल यांनी 1929 साली जॅक्सन प्रयोगशाळा स्थापली होती. (1947 च्या वणव्यात तिथले उंदीर जळून गेले. ज्या ज्या प्रयोगशाळांनी पूर्वी तिथून उंदीर नेले होते त्यांनी ते परत पाठवले आणि वाण पुन्हा उभे राहिले. बियाणे एकाच कोठीत ठेवू नये ते यासाठी.) तिथे एडविन मर्फी यांनी लॅथ्रॉपबाईंच्या वंशातील सी-57-ब्लॅक मादी आणि 'एसबी' नावाचा नर यांच्यापासून 'बीएक्सएसबी' हा वाण काढला. याला ल्यूपस होई, पण नरांना आधी. निम्मे नर सुमारे पाच महिन्यांत मरत, तर निम्म्या माद्या मरायला सुमारे पंधरा महिने लागत. पहिला संशय साहजिकच नराच्या संप्रेरकांवर गेला. मर्फी आणि रॉथ्स यांनी संकराची दिशा बदलून पाहिली. पिता बीएक्सएसबी असेल तर नर पिल्ले लवकर आजारी पडत. माता बीएक्सएसबी आणि पिता दुसऱ्या वाणाचा असेल तर पडत नसत. दोन्हीकडच्या नरांत संप्रेरके तीच, मग फरक कशाचा? मुलाला बापाकडूनच मिळते असे एकच गुणसूत्र आहे, वाय. दहावीच्या वर्गात फळ्यावर हे दोन संकर मांडा आणि उत्तर मुलांनाच काढू द्या. आमच्या अनुभवाने दहा मिनिटांत निघते. मर्फी आणि रॉथ्स यांचा यावरील निबंध 1979 चा. पण वाय गुणसूत्रावर नेमके काय आहे, ते त्यांना त्या वेळी सांगता आले नाही.

दोन वर्षांनी कॅलिफोर्नियातील ला होया येथे हँग, इझुई आणि फ्रँक डिक्सन यांनी न्यूझीलंडची पांढरी मादी आणि बीएक्सएसबी नर यांचा संकर केला. अपेक्षा मूत्रपिंडाच्या विकाराची होती. तो झालाच, पण शवविच्छेदनात हृदयेही खराब निघाली. उंदराचे हृदय वाटाण्याएवढे, मिनिटाला पाचसहाशे ठोके देणारे. त्यात मेलेल्या स्नायूचे पट्टे होते. मोठ्या रोहिणीत मेदाचा मागमूस नव्हता. बिघाड होता तो स्नायूच्या आत गेलेल्या बारीक रोहिण्यांत. हे नर तरुणच मरत होते, आणि उंदरांच्या जगात आपोआप येणारा असा हृदयविकार म्हणजे एक नवलच होते.

जपानमध्ये योशिदा, फुजिवारा, इकेहारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 साली या हृदयांचे चिकाटीने मोजमाप केले. हे काम कंटाळवाणे असते. हृदयाचे पातळ काप करायचे, रंगवायचे, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक रोहिणी पाहायची आणि स्नायूचा किती भाग मेला ते मोजायचे. त्यातून निघालेली गोष्ट अशी की स्नायूचा मृत्यू आणि बारीक हृद्रोहिण्यांचा रोग यांची जोडी आहे. पाट भरले होते, तलावाचे तोंड उघडे होते. याच उंदरांत रक्तबिंबिका, म्हणजे गुठळी जमवणाऱ्या पेशी, कमी असतात हेही 1988 साली दिसले. ज्या प्राण्यात गुठळ्या जास्त त्यात त्या पेशी कमी, हे प्रथम विचित्र वाटते. पण प्रतिपिंड त्या पेशींवर बसून त्यांचा नाश करतात आणि गुठळ्या जमण्यात त्या खर्चही होतात, हे लक्षात घेतले म्हणजे कोडे सुटते.

माणसांत काय चालले होते? टोरोंटोचे मरे युरोविट्झ यांनी 1976 मध्ये दाखवले होते की ल्यूपसच्या रोग्यांचे मृत्यू दोन टप्प्यांत होतात. पहिला टप्पा रोगाच्या जोराचा आणि जंतुसंसर्गाचा. दुसरा बऱ्याच वर्षांनी, आणि त्यात हृदयविकाराचा झटका ठळक. स्टिरॉइडमुळे रोगी जगू लागले होते, म्हणूनच हा दुसरा टप्पा दिसू लागला. 1997 साली अमेरिकेत सुझन मान्झी यांनी प्रसिद्ध केलेला आकडा तर दचकवणारा आहे. 35 ते 44 वयाच्या ल्यूपसग्रस्त स्त्रियांत हृदयविकाराच्या झटक्याचे प्रमाण त्याच वयाच्या इतर स्त्रियांच्या पन्नासपटींहून अधिक होते. यांतील पुष्कळ झटके लवकर साचलेल्या मेदामुळेच येतात, हे इथे स्पष्ट करायला हवे. उंदराची गोष्ट सर्व रोग्यांना जशीच्या तशी लागू पडत नाही. पण काहींच्या मोठ्या रोहिण्या मोकळ्या असतात, आणि नेमक्या त्यांच्याच बाबतीत उंदीर उपयोगी पडला.

1983 साली लंडनमध्ये ग्रॅहम ह्यूज यांच्या गटाने काही ल्यूपसग्रस्तांच्या रक्तात कार्डिओलिपिन या मेदघटकाविरुद्धचे प्रतिपिंड मोजण्याची पद्धत काढली. ज्यांच्यात ते असत त्यांना गुठळ्या होत, तरुणपणी पक्षाघात होई, स्त्रियांचे वारंवार गर्भपात होत. 1990 मध्ये तीन वेगळ्या देशांतील गटांनी दाखवले की हे प्रतिपिंड रक्तातील एका विशिष्ट प्रथिनाच्या मदतीने चिकटतात. आणि 1992 मध्ये आपल्या संकरित उंदरांच्या रक्तात अगदी तसेच प्रतिपिंड सापडले. रुग्णालयातले निरीक्षण आणि पिंजऱ्यातले निरीक्षण असे एकमेकांना येऊन मिळाले.

वाय गुणसूत्राचे कोडे 2006 साली सुटले. दोन स्वतंत्र गटांना दिसले की बीएक्सएसबी नराच्या वाय गुणसूत्रावर एक्स गुणसूत्राचा एक तुकडा तुटून येऊन बसला आहे. त्यावर डझनाहून अधिक जनुके आहेत, पण खरे कारस्थान टीएलआर-7 या एका जनुकाचे. हे जनुक विषाणूचा आरएनए ओळखून धोक्याची घंटा वाजवणारे प्रथिन घडवते. या नरात ते एक्सवर एक आणि वायवर एक असे दुप्पट झाले होते. घंटा इतकी नाजूक झाली की स्वतःच्या मेलेल्या पेशींच्या आरएनएनेही ती वाजू लागली.

इथे तो उलटा उंदीर सुलटा होतो. स्त्रियांत दोन एक्स असतात, त्यांतला एक पेशीत मिटवलेला असतो. पण 2018 साली दिसून आले की टीएलआर-7 काही पेशींत या मिटवण्यातून निसटते आणि दोन्ही एक्सवरून काम करते. म्हणजे त्या नर उंदरात अपघाताने झालेले दुप्पट माप स्त्रीच्या काही पेशींत स्वभावतःच असते. स्त्रियांतील आधिक्याचे हे एकमेव कारण नव्हे, पण एक कारण नक्की. 2022 साली तर एका ल्यूपसग्रस्त मुलीत याच जनुकातील एका अक्षराचा बदल सापडला, आणि तोच बदल उंदरात घडवला तेव्हा उंदरालाही ल्यूपस झाला.

गडचिरोलीच्या वाचकांना या इतिहासाचा आणखी एक धागा ओळखीचा वाटेल. तो मलेरियाचा. ब्रायन ग्रीनवुड हे डॉक्टर 1960 नंतरच्या दशकात नायजेरियात काम करत असताना त्यांना असे रोग फार थोडे दिसले. वारंवार होणाऱ्या मलेरियाचा याच्याशी संबंध असेल का, असा प्रश्न त्यांनी 1968 साली विचारला. 1970 मध्ये हेरिक आणि व्होलर यांच्यासह त्यांनी न्यूझीलंडच्या उंदरांना उंदरांचा मलेरिया दिला, आणि त्यांचा ल्यूपस दबला. यावरून मलेरिया बरा म्हणायचा असे कोणी समजू नये. मलेरिया माणूस मारतो. पण परजीवी आणि प्रतिकारयंत्रणा यांची जुनी ओळख किती खोल आहे ते यातून दिसते.

दुसरा दुवा औषधाचा. 1894 साली लंडनच्या पेन यांनी ल्यूपसला क्विनाइन देऊन पाहिले. 1951 मध्ये पेज यांनी मेपाक्रिन या मलेरियाच्याच औषधाचा गुण दाखवला. मग क्लोरोक्विन आले, आणि 1955 पासून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन. सुमारे चाळीस वर्षे ते अनुभवावर दिले जात होते. 1997 मध्ये उंदरांत दिसले की कार्डिओलिपिनविरोधी प्रतिपिंडांमुळे वाढणारी गुठळी ते लहान करते. पुढे हेही कळले की पेशीतल्या ज्या आम्लधर्मी कप्प्यात टीएलआर-7 घंटा वाजवते तिथेच हे औषध तिला दाबते. ज्या गोळीची चव जंगलातल्या प्रत्येक घराला माहीत, तिची ही धाकटी बहीण ल्यूपसच्या रोग्याला आज बहुधा आयुष्यभर घ्यावी लागते आणि डोळ्यांच्या पडद्याची तपासणी वेळोवेळी करावी लागते. 2020 च्या मार्चमध्ये कोविडवर ते चालेल अशी हवा उठली आणि देशोदेशी लोकांनी ते घरात साठवले. कोविडवर ते चालले नाही. ल्यूपसच्या रोगी बायका मात्र औषधाच्या दुकानातून रिकाम्या हाताने परतल्या.

रक्तवाहिन्यांचे रोग शहरातले, अशी एक समजूत आहे. गडचिरोली जिल्ह्यातील 86 गावांतल्या मृत्यूंचा 'सर्च' संस्थेने अभ्यास केला, तो 2015 साली प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यूचे पहिले कारण पक्षाघात निघाले, 14.3 टक्के. त्यांतले बहुतेक वयस्क माणसांचे आणि रक्तदाबाच्या वाटेने जाणारे असतात. ल्यूपस त्या मानाने विरळा, आणि विरळा म्हणूनच निसटणारा. या भागात ताप म्हटला की बोटातून रक्त काढून मलेरियाची तपासणी होते, आणि ती झालीच पाहिजे. पण नववी-दहावीतली एखादी मुलगी महिनोन् महिने बारीक तापाची असते, तिचे सांधे दुखतात, प्रार्थनेच्या रांगेत उन्हात उभी राहिली की चेहरा चुरचुरतो, केस झडतात, पाय सुजतात, आणि मलेरियाची तपासणी दर वेळी निर्दोष येते. सावळ्या कातडीवर गालांची लाली पटकन दिसतही नाही. अशा मुलीच्या लघवीतील प्रथिनांची तपासणी ग्रामीण रुग्णालयात काही मिनिटांत होते. ती करून घ्या असे तिच्या घरी सांगायला वर्गशिक्षकाला डॉक्टर असावे लागत नाही. आणि निदान झालेल्या, औषध चालू असलेल्या तरुण स्त्रीच्या छातीत दुखू लागले, तर 'या वयात कुठला हृदयविकार' असे म्हणून तिला घरी ठेवू नये. हृदयाचा आलेख काढून घ्यावा.